दारातली ओ

२ मे, शुक्रवार
श्री स्वामी समर्थ. लालबागची खोली बिल्डरच्या ताब्यात देऊन आज गावच्या घरी बिऱ्हाड मांडलं. नवी इमारत उठेपर्यंत इथेच. घर कित्येक वर्षं बंद होतं, पण दारापुढचं खळं सारवलं, देवाकडे दिवा लावला, तसं हसायला लागलं. राजेशने करी रोडवरून येताना दारासाठी कॅमेऱ्याची बेल आणली. एवढा खर्च कशाला म्हटलं, तर म्हणाला, आई, तू मागे विहिरीवर असलीस तर चोराला कळायला नको. माझ्याकडून ‘ओ, आले हां!’ असं म्हणवून घेतलं. आता दाराशी कुणीही हाक मारली की बेलच माझ्या आवाजात ओ देते. नात मनू दिवसभर बाहेर जाऊन आज्जी, आज्जी करत होती. हसून पोट दुखलं.

४ मे, रविवार
राजेश परत गेला. मनू सुट्टीभर माझ्याकडे. शेजारच्या कांताकाकी आल्या. बेलने ओ दिली आणि मी चुलीशी. म्हणाल्या, गो सुभद्रा, तू चुलीकडे आणि तोंड दारार टांगलंस काय? हसता हसता बेलकडे वळल्या. तिन्हीसांजेनंतरही हे बोलतं का, म्हणून विचारलं. इथे दिवेलागणीनंतर पहिल्या हाकेला कुणी ओ देत नाही. माणूस असला तर पुन्हा हाक मारतो. दुसरं काही असलं तर त्याला एकच हाक मारता येते, आणि त्याला फक्त ओ हवी असते. मनूकडूनही त्यांनी हे घोकून घेतलं. मी म्हटलं, काकी, आमच्या चाळीत पहिल्या हाकेला ओ दिली नाही तर नळाचं पाणी जायचं.

६ मे, मंगळवार
शुभंकरोति चाललं होतं. खळ्यातून हाक आली, सुभद्रे. बाईची की पुरुषाची, कळेना. मी मनूचा हात दाबला, गप्प राहिले. आणि दारातून माझाच आवाज गेला, ओ, आले हां!
राजेशने तिकडून मोबाइलवर बघितलं. म्हणाला, खळ्यात कुणी नाही, वाऱ्याने वाजली असेल. आई, तू पण ना, गावाला गेलीस की लगेच भुतं. पण बेल बंद केली त्याने, माझ्या समाधानासाठी.

७ मे, बुधवार
बंद बेलने पुन्हा ओ दिली.
मी ती उपटून तांदळाच्या डब्यात खुपसली. कांताकाकींनी गावाच्या राखणदाराला नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. जाताना माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ओ दिली ती दिली. आता तो आवाज हाक मारणाऱ्याचा.

८ मे, गुरुवार
उठले तर घशातून शब्द नाही. दुखत नाही, खवखवत नाही. नुसता नाही. आरतीला ओठ तेवढे हलले. मनूला आधी गंमत वाटली. आता माझ्या तोंडाकडे बघत नाही.

९ मे, शुक्रवार
राजेशचा मेसेज. काल फोनवर तुझी हाक आली, मी ओ दिली, तर तू किती वेळ छान बोललीस आई. इतक्यात येऊ नको म्हणतेस, तर नाही येत.
मी बोलले नाही. मला बोलता येत नाही. टाइप केलं – ती मी नव्हते. ये. मनूला घेऊन जा.

१० मे, शनिवार
पाटीवर लिहून मनूला दाखवलं – माझा आवाज आला तर ओ देऊ नको. तिने मान हलवली.
राजेशचं उत्तर आलं. दादरहून रात्रीची गाडी, सकाळी पोचतो. स्वामी, तेवढी सकाळ होऊ दे.

दिवा लावला. मनू मांडीवर –

हाक आली. मनू! माझा आवाज नाही. राजेशचा.
त्यानेही ओ दिली होती. फोनवर –
तिच्या तोंडावर हात धरलाय. राजेश अजून मुंबईत आहे, हे हिला कसं –

शांत झालं. एकच हाक मारता येते. टळलं.

पुन्हा. मनू, दार उघड गं, पप्पा आलेत.
दुसरी. दुसरी कशी आली – आवाज माणसाचा घेतला, म्हणून हाकाही माणसासारख्या –
मनूचे डोळे हसले. काकींनी घोकून घेतलंय, दुसरी हाक माणसाची. माझा हात सोडवते आहे. मी मान हलवते, नको, नको – तिला वाटतंय मी खेळते – हात निसटला – तिने तोंड उघ