पाण्यात गेलेला चेंडू

प्रिय नाना,

उद्या तुमच्या नावाच्या स्पर्धेचा पहिला सामना आहे. मंडप उभा राहिलाय, माईकवाला संपत दुपारपासून 'हॅलो, हॅलो' करून गाव डोक्यावर घेतोय. आणि मंडळाच्या पोरांनी मला अशा पेचात टाकलंय, की तुमच्याशी बोलल्याशिवाय मला झोप लागायची नाही. म्हणून हे पत्र.

पोरांना आपल्या मैदानाचा नियम बदलायचाय. चेंडू थेट धरणाच्या पाण्यात पडला की बॅट्समन आऊट, हे काढून टाकायचं आणि त्याचे सहा रन द्यायचे. का? तर तुमच्या सन्मानार्थ! 'नानांच्या नावानं पाण्यात सिक्स!' घोषणासुद्धा तयार आहे. फक्त अंपायरचा होकार बाकी आहे, आणि अंपायर मी. मी म्हणाले, सकाळी सांगते.

हसताय ना? हा नियम झाला तरी कशासाठी होता? चेंडू आणायला थंडीत पाण्यात कोण उतरणार, एवढ्याच कारणासाठी! पण त्यानेच तुम्हाला घडवलं. आपल्याकडे बॉलिंग एकाच बाजूने, त्यामुळे उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या पायाकडे सगळं पाणीच पाणी. दोरी संपली की धरण. म्हणून जो येईल तो बॉलर तुमच्या पायावर चेंडू टाकायचा. आणि तुम्ही एक पाऊल मागे सरकून तोच चेंडू उलट बाजूला, कव्हरवरून असा भिरकावायचात, की फिल्डरची नुसती मान वळायची. संपत माईकवर ओरडायचा, "नाना आले, चेंडू शेतात गेले!"

पौडला, पिरंगुटला, नांद्याला, जिथे मैदानाजवळ पाण्याचा थेंब नाही, तिथेही तुम्ही तसेच खेळायचात. बाहेरची माणसं म्हणायची, काय स्टाईल आहे! ती कसली स्टाईल, ते आपलं धरण होतं!

आज बैठकीत नियम राहिला बाजूला, सगळे तुमच्या आठवणी काढत बसले. ताम्हिणीच्या टीमने एकदा जवळजवळ सगळे फिल्डर कव्हरला लावले, तेव्हा तुम्ही त्यांच्यामधूनच चौकार मारलात आणि म्हणालात, "गर्दी लई झाली, जरा सरकून उभं ऱ्हावा." रिसॉर्टवर तुम्ही गवत कापत होतात, तेव्हा पुण्याच्या पाहुण्यांनी 'काका, एक बॉल खेळता का?' म्हणून बॅट पुढे केली, आणि अंधार पडेपर्यंत त्यांना ती परत मिळाली नाही. दत्ता दूधवाला सांगताना हसून हसून खोकायला लागला.

मग आपोआपच नांद्याविरुद्धचा तुमचा शेवटचा सामना निघाला.

तुमचा गुडघा सुजला होता म्हणून गावाने अख्खी स्पर्धा जानेवारीतून एप्रिलच्या शेवटाला ढकलली होती. एका माणसाच्या गुडघ्यासाठी! असं कुणासाठी कोणी करतं का? आणि तुम्ही त्या प्रेमाच्या बदल्यात काय केलंत? मला अंपायर केलंत!

नांद्याचा कॅप्टन चिडला होता. "घरचीच अंपायर? मग आमी खेळायचं तरी कशाला?" तुम्ही त्याला म्हणालात, "ही कॉलेजात बाईंनी एक मार्क जास्त दिला म्हणून परत करून आलेली हाय. असली अंपायर घरात असली की काय हाल होत्यात, ते मला इचार." सगळे हसले. आपल्या घरात पुस्तक पहिल्यांदा मी उघडलं, म्हणून काहीही लिहिलेलं असलं की माझ्याकडे ढकलायचं, ही तुमची सवयच. नियमांचा कागदही तसाच आला.

तुम्हाला आठवतं? शेवटची ओव्हर. जिंकायला एक रन, दोन चेंडू शिल्लक. नांद्याच्या बॉलरने, आजवर सगळ्यांनी केलं तेच केलं, पायावर टाकला. आणि तुम्ही मागे सरकला नाहीत. एप्रिलमुळे पाणी लांब आत गेलेलं, दोरीपलीकडे वाळलेल्या गाळाचा मोठा पट्टा उघडा पडलेला. गाळात पडला की सरळ षटकार. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा ती बाजू तुम्हाला मोकळी मिळाली होती. तुम्ही बॅट अशी फिरवलीत की आवाज आधी आला आणि चेंडू आम्हाला मागाहून दिसला. दोरीवरून गेला. गाळावरून गेला. जातच राहिला.

लोक मैदानात धावले. संपतने 'सिक्स' म्हणून गळा फोडला. आणि मी पाहिलं, लांबवर पाणी उडालं.

कोणी म्हणालं चिखलात पडला, कोणी म्हणालं काठावर. तुम्ही बॅटला टेकून माझ्याकडे बघितलंत.

"पाणी उडालं का गं?"

"उडालं, नाना."

"मग बोट वर कर की! वाट कुणाची बघतीस?"

मी बोट वर केलं. मग तुम्ही हसायला लागलात, बॅट उंच धरलीत आणि म्हणालात, "मला वाटलं, आज काय त्ये पाण्यापत्तुर पोचत न्हाई!" काय टाळ्या पडल्या! नांद्याच्या पोरांनी सगळ्यांत जोरात वाजवल्या. आऊट होऊन परतणाऱ्या माणसाला दोन्ही गावांनी खांद्यावर घेतलेलं मी दुसऱ्यांदा कुठे पाहिलेलं नाही. पुढच्या चेंडूवर दत्ताने डोळे मिटून बॅट लावली, आरडत पळत सुटला आणि आपण जिंकलो. पण तो रन कुणाच्या लक्षात आहे? दत्ताच्या फक्त!

घरी आल्यावर काकी म्हणाली, "घरचं खाऊन घरच्यालाच आऊट दिलंस व्हय गं!" आणि मला पहिली गरम भाकरी वाढली.

एक तक्रार मात्र आहे. सगळ्या गावाला स्वतःचा गुडघा दाखवत हिंडलात, मग छातीत दुखत होतं तेव्हा 'गॅस हाय' म्हणून गप्प का बसलात? ते पाणी पुन्हा भरून दोरीला लागायच्या आत निघून गेलात! मला विचारलं असतंत, तर तिथेही मी खरं तेच सांगितलं असतं.

तुमचा तो चेंडू अजून लांब जातोय, बरं का. आज दत्ताच्या सांगण्यात तो पार समोरच्या काठाला लागला. मी म्हणाले, एवढा नाही. तर म्हणाला, "ताई, तुमी आऊट दिलाय त्यो, लांबी आमी बघू."

आणि तेव्हाच मला उत्तर सापडलं. आता जानेवारीत पाणी दोरीला लागलंय. उद्यापासून पाण्यात सहा रन दिले, तर कोणीही उचलून मारील, दर सामन्यात मारील, आणि तुमचा चेंडू त्या ढिगात हरवून जाईल. मागे सरकून कव्हरवरून मारायला मग कोण कशाला शिकेल? तुमचा फटका मोठा आहे, कारण तो आऊट आहे.

म्हणून सकाळी मी नाही म्हणणार आहे. पोरं रुसतील, तरी म्हणणार आहे.

एक गोष्ट राहून गेलीय. त्या दिवशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी वाजवली नाही. अंपायरने वाजवायची नसते, असं मला वाटलं. तसं कागदात कुठेच लिहिलेलं नाही, मी पुन्हा वाचून पाहिलं.

तेव्हा वचन देते. मी उभी असेपर्यंत पाण्यात गेलेला चेंडू आऊटच राहील. आणि उद्या पहिला चेंडू पडायच्या आधी मी पाण्याकडे तोंड करून, सगळ्यांदेखत, तुमची राहिलेली टाळी वाजवीन.

तुम्हाला आऊट देणारी तुमची पुतणी,
सोनाली