तुफानले पोहचवाले गेलेली मैना

आरमोरीचा लहाना भाऊ दादाजी यास थोरली बहीण मनकर्णाचा पोटभर आशीर्वाद. तुया गुडघा वाकते का, कमळेचा खोकला गेला का, धान घरी आलं का, समदं लिही. आमी इथी मजेत आहोत. (पत्र मी सवता लिहून राह्यली. रातच्या वर्गात शिकली. मास्तर म्हणते अक्षर मोठं काढा, म्हून कागद लवकर सरते.)

तं भाऊ, आमची घोडी, मैना तट्टाणी, हातची जाता जाता वाचली. झालं असं का मुखरूनं, म्हणजे माया पोरानं (पोरगा माया, अक्कल त्याच्या बापाची), जत्रेतल्या घोड्याच्या शर्यतीवर शेजारच्या नथ्थूसंग पैज लावली. मालगुजाराचा तुफान जिंकला तं नथ्थूची सायकल आपली, हरला तं मैना नथ्थूची. मले कोणी इचारलं नाई. म्हणे, म्हातारी झाली ते, तशीबी इकाचीच होती. म्या म्हटलं, कोण, मी का घोडी?

आता हा तुफान मोठा देखणा, पण डफडं वाजलं का थरथरते, मागच्या मागं पाय काढते. संग मैना चालली तरच शर्यत सुटाच्या दोरीपावतर जाते. ते बाजारात फिरलेली बाई, तिले गर्दीचं काय. म्हून मालगुजारानं (मालगुजारी सरकारनं नेली, मिशी त्याच्यापाशीच राह्यली) मलेच बोलावलं अन् म्हणे, बाई, आमच्या तुफानले जरा पोहचवून द्या.

आता तूच सांग, आपल्यात पाव्हणा पोहचवाचा म्हणजे कुठवर? शिवेपावतर. दारातूनच माघारी फिरणं हे का रीत झाली? अन् शर्यतीचा शेवटचा झेंडा बरोबर आमच्या शिवेवर गाडला होता. म्हून दोरीपाशी आल्यावर मी थांबली नाई. तुफानवाले लगाम आवळत होते, तवा म्या म्हटलं, तुमी या मागून, अन् मैनेले घेऊन वावराच्या बांधावरून, धुऱ्या-धुऱ्यानं पुढं निंगाली. मागून लोकं ओरडत होते, अवो बाई, माघारी फिरा. मले वाटलं, कौतुक करून राह्यले. म्या हात हलवला.

शिवेवर पोहचून मैनेले बोरीच्या सावलीत उभं केलं. इकडं दोरी सुटली. वडशाच्या शेटचा घोडा पुढं होता म्हणते. पण तुफाननं मैनेले दुरून पाह्यलं अन् मंग त्याले डफडं आयकू आलं नाई, गर्दी दिसली नाई, पाठीवरचा माणूसही राह्यला नाई. तो एकलाच झेंड्यापल्याड आला अन् मैनेच्या मानेवर मान ठेवून उभा राह्यला. पंचानं म्हटलं, घोडा आला म्हणजे आला, माणसाचं काई ठरलं नव्हतं. नथ्थूनं सायकल देली. मुखरूले चालवता येत नाई, म्हून ते खांद्यावर घेऊन घरी आला. मी मैनेवर बसून आली. आता तिले इकाची गोष्ट कोणी काढत नाई.

तुयी बहीण,
मनकर्णा

ता. क. तुफान त्या दिवसापासून आमच्याच आंगणात आहे. नेलं तरी दोर तोडून येते. मालगुजार म्हणते, मंग मैनेलेच आमच्या वाड्यावर पाठवा, तिले तूप-रोटी चारू. मुखरू राजी आहे. मी नाई.

आखरीची ता. क. तुयी पांढरी घोडी जवान आहे, दिसाले बी गोड. तिच्यावर बसून लवकर ये, अन् तुफानच्या समोरून दोन-चार चकरा मार. त्याचं मन फिरलं तं तूप-रोटी तिच्या नशिबात. जातानी तुयासाठी सायकल आहेच.