डॉक्टरांच्या गाडीचा गियरबॉक्स

आये, पाबे घाटाच्या उतारावर डॉक्टरांनी गियरचा दांडा न्यूट्रलला सरकवला, ते मी मागच्या सीटवरून बघितलं, आणि तिथं माझं सगळं फिरलं. त्याच्या आधी मी सुखात होतो. गाडी डॉक्टर चालवत होते, त्यांच्या शेजारी त्यांची मुलगी, मागं मी. बाहेरच्या डाव्या आरशात तिचा अर्धा चेहरा दिसत होता, एक डोळा आणि एक कानातलं. मला गाडीचा आवाज ऐकायला बसवलं होतं आणि माझं लक्ष त्या आरशात. तेवढ्यात खिंडीतून गाडी खाली वळली, आणि डॉक्टरांनी हात टाकून दांडा सोडवला, सवयीनं, जसं कुणी घरात शिरताना चप्पल सोडतं. "पेट्रोल वाचतं," ते म्हणाले. "सरकारी जीप जन्मभर अशीच उतरवली मी. उतारावर इंजिनाला कशाला राबवायचं?" ती म्हणाली, "बाबांच्या हातात गाडी पाण्यासारखी चालते की नाही?" हे तिनं मला विचारलं होतं. मी म्हणालो, "व्हय." खाली आल्यावर त्यांनी धावत्या गाडीत दांडा परत ओढला, तेव्हा पोटात लाथ बसावी तसा गाडीला हिसका बसला. गियरबॉक्स कशानं मेलाय ते मला कळलं, आणि मी मघाशीच व्हय म्हणून बसलो होतो.

हे डॉक्टर तुला माहीत आहेत. आपल्या वरच्या वस्तीवर मेंढरांना सुया मारायला यायचे तेच. आता रिटायर होऊन विंझरला राहतात. डावा गुडघा बदललाय, क्लच दाबवत नाही, म्हणून त्यांनी जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. हिला क्लचच नसतो, गियर गाडी आपली आपण बदलते. पण तिचं एक असतं. आतल्या भागांना तेल पोचवणारा पंप इंजिनावर चालतो. उतारावर न्यूट्रलला सोडली की इंजिन पेंगतं, तेल कमी पोचतं, आणि चाकं मात्र जोरात पळत असतात. वर पळत्या गाडीत परत गियर टाकला की आतल्या प्लेटा एकमेकींवर घासून जळतात. जीपला ही खोड चालून जाते, हिला नाही. ह्या बिघाडासाठी गाडी भोरला गॅरेजात आली तेव्हा आमच्या मेस्त्रींनी तेलाची पट्टी ओढून काढली होती. हे तेल लाल असतं, कुंकू कालवल्यासारखं. पट्टीला काळं आलं, आणि वास असा, की दूध उतू जाऊन चुलीच्या दगडावर करपलंय. मेस्त्री मला म्हणाले, "एकदा बसून बघ गाडीत, कुठं धरती, कुठं सोडती. तसाही तू विंझरला जायची वाटच बघत असतोस." त्यांचं म्हणणं खोटं नाही. मधे मी टायरातली हवा बघून येतो म्हणून तिकडं गेलो होतो, तेव्हा ते सगळ्यांसमोर म्हणाले, "विंझरात हवा भरायचं दुकान न्हाई व्हय रे?"

तर आता प्रश्न असा पडलाय. मेस्त्री म्हणतात दोनच रस्ते. एक, पुण्याहून दुसऱ्या गाडीतनं काढलेला बॉक्स आणायचा, बसवायचा, मोकळं व्हायचं. दोन, हाच बॉक्स पुण्याला पाठवून खोलायचा, जळलंय ते काढायचं, नवं घालून परत भरायचा. पहिल्याला चार दिवस, दुसऱ्याला महिना, आणि महिनाभर गाडी पडून. मी दोन्ही बाजूंनी घोळून बघितलं. बाहेरचा बॉक्स कुणाच्या हाताखाली चालला, कुठं आपटला, काही कळत नाही. वर्षानुवर्षं चालेल नाहीतर दिवाळीपर्यंत बसेल. खोलायचा तर कारागीर कसा मिळतो त्यावर आहे, आणि लोखंडाचा चुरा सगळीकडं पसरला असेल तर खोलूनही उपयोग नाही. त्यात माझ्यावर माझाच भरवसा नाही. महिनाभर गाडी नसली तर डॉक्टरांना दवाखान्यात न्यायला आणायला कोण जाणार? मीच. म्हणून मन म्हणतं, खोलू या. मग मीच मनाला विचारतो, हे गाडीसाठी म्हणतोस का तुझ्यासाठी?

काल संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. डॉक्टर पाय स्टुलावर लांब करून बसलेले, ती ओट्यापाशी भाकरी थापतेय. मला बघून डॉक्टर नेहमीसारखं म्हणाले, "ह्याची आई माझ्यावर धावून आली होती, माहिताय का तुला?" ती म्हणाली, "दहादा सांगितलंय बाबा." मग तव्यावर भाकरी टाकता टाकता तिनं विचारलं, "पण बॉक्स बिघडला कशानं?" सरळ प्रश्न. डॉक्टर म्हणाले, "वय झालं. माझा गुडघा गेला, तिचा बॉक्स गेला," आणि हसून माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, "वयच म्हणायचं." त्यांना बरं वाटलं. "आता तू सांगशील तसं करू, पोरा. आमच्या घरात दुसरं कोण आहे गाडीतलं कळणारं? उद्या येऊन सांग, परवा गाडी उचलून पुण्याला धाडू." आये, मला ह्या घरात आजपर्यंत कुणी एवढ्या विश्वासानं काही विचारलं नव्हतं. त्यांचं आमचं कसं जमणार हे तुला सांगायला नको. आपण मेंढरांमागची माणसं, मी कॉलेज अर्धवट सोडलेला. जे काही जमायचं ते डॉक्टरांच्या ह्या एका विश्वासावर जमायचं आहे.

निघालो तर ती फाटकापर्यंत आली. म्हणाली, "घाटात तू काहीतरी बघितलंस."

"कुठं काय?"

"हिसका बसला तेव्हा तुझं तोंड बघितलं मी. आरशात."

म्हणजे तीही त्याच आरशात बघत होती. एवढं डोक्यात शिरल्यावर पुढचं मला नीट ऐकूच आलं नाही, ती परत म्हणाली तेव्हा आलं. "बाबांची चूक असेल तर बोलू नकोस. गुडघ्यापासून सगळे त्यांना शिकवायला लागलेत. बसायचं कसं, जिना चढायचा कसा, अंघोळ कशी करायची. गाडी तेवढी त्यांची राहिलीय."

"आणि परत बिघडली तर?"

"मग तू आहेसच की."

ती आत गेली. मी मार्गासनीपर्यंत मोटरसायकल कशी आणली मला आठवत नाही. तू आहेसच की. एखाद्याला आणखी काय पाहिजे असतं? बाहेरचा बॉक्स टाकायचा, डॉक्टर तो पाबे घाटात परत जाळणार, आणि मी परत त्या स्वयंपाकघरात. जन्मभराची सोय. फक्त गप्प बसायचं. आणि गप्प बसायला मी शिकलोय. तुझ्यासारखं डोकं घेऊन जन्मलो, कॉलेजात एका सरांनी गावाकडच्या पोरांना मेंढरं म्हटलं तर भर वर्गात उठून त्यांना म्हणालो, मेंढरं राखायला अक्कल लागते, ती तुम्हाला जमणार नाहीत. वही तिथंच ठेवून बाहेर पडलो ते परत गेलो नाही. डॉक्टरांची मुलगी त्याच वर्गात होती. त्यानंतर कुठल्या कामावर टिकलो नाही, तोंडामुळं. ह्या गॅरेजात आलो, ती गाडी घेऊन आली, आणि मी बदललो. मेस्त्री म्हणतात पोरगं शांत झालं. मामा म्हणतो सुधारलं. मलाही तसंच वाटत होतं, काल फाटकापाशी उभा राहीपर्यंत. तिथं कळलं की मी शांत झालो नाही, मला भीती वाटायला लागलीय. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

तेव्हापासून मला तुझा तो दिवस आठवतोय. खालच्या गावात लग्न झालेलं, उरलेला भात त्यांनी टाकायला काढला होता, तू तो पाटीभर डोक्यावरून वर आणलास. अन्न वाया कशाला घालवायचं, आणि मेंढरांनी तरी कधी भात खायचा. तू त्यांना हातानं भरवत होतीस, मला दिसतंय. सकाळी एक मेंढी मेलेली, दोन आडव्या, पोटं फुगलेली, दात खातायत. तू म्हणालीस कुणाची तरी नजर लागली. मी पळत जाऊन फोन करायला लावला. डॉक्टर जीप रस्ता संपतो तिथं ठेवून चढून आले, घामाघूम. मेंढीच्या पोटावर हात दाबून बघितला आणि विचारलं, "भात घातला होता का?"

तू म्हणालीस, "न्हाई. पाल्याबिगार कायबी न्हाई."

"भात खाल्लाय हिनं."

"म्या सांगती न्हाई तर न्हाई."

डॉक्टरांनी पिशवी उघडली. सुरी काढली, मेलेल्या मेंढीचं पोट तिथंच उघडलं आणि तुला जवळ बोलावलं. आंबलेला भात, पांढरा, ढीगभर. तो वास मला आज पण येतो. ते म्हणाले, "मायेनं घातलास, पण तूच मारलंस हिला. पाल्यावर वाढलेल्या जनावराला एकदम एवढा भात पचत नाही." आणि तू उसळलीस. "माझ्या वाड्यात यिऊन मलाच खुनी करतूस व्हय? ऊठ. ऊठ हितनं." सरकारी डॉक्टरला तू अरे म्हणालीस. ते उठले नाहीत. उरलेल्या दोघींना पाण्यात सोडा कालवून बाटलीनं पाजला, हात धुतले आणि मग गेले. तू चहा केला नाहीस. ते उतरत होते तेव्हा मी दगड उचलला होता, तू तो माझ्या मुठीतनं काढून घेतलास. त्या दोघी जगल्या. चारपाच दिवसांनी धार काढताना तू आपणहून म्हणालीस, "खोटं सांगून चा पिऊन गेला आसता तर चाललं आसतं व्हय मला? फुडच्या लग्नाला सगळा वाडा मारला आसता म्या." पुढच्या खेपेला ते आले तेव्हा बसायच्या आधी कप त्यांच्या हातात दिलास. "आधी चा घ्या, मग काय शिव्या द्यायच्या त्या द्या." त्यात साखर एवढी होती की डॉक्टरांनी तोंड वाकडं केलं, पण कप संपवला.

ह्याचाच विचार करत मी आज सकाळपासून बसून राहिलोय, गॅरेज बंद आहे. आणि बॉक्स उघडायचा का बदलायचा, त्याचं उत्तर मला ह्यातनं सापडलं. बदलला तर जुना बॉक्स बंदच्या बंद जाईल. तो कशानं मेला ते कुणी बघणार नाही, सगळे वय म्हणतील, मीसुद्धा. उघडला तर जळलेल्या प्लेटा बाहेर येतील. डॉक्टर आयुष्यभर पोटं उघडून बघत आलेत, हातात घेऊन बघितलेल्या गोष्टीशी ते भांडत नाहीत. म्हणून उघडायचा, महिना लागला तरी. त्यांना घेऊन मी पुण्याला त्या कारागिराकडं जाणार, बॉक्स उघडताना त्यांना समोर बसवणार. आतलं फारच खराब निघालं तर मग बाहेरचा आणू, पण कशानं ते कळल्यावर.

एक पळवाट मी लगेच काढली होती. आपण काही बोलायचंच नाही, प्लेटाच काय ते बोलतील. पण डॉक्टरांनी तुला आधी तोंडानं सांगितलं, मग सुरी काढली. परक्या माणसासमोर त्यांना ते पहिल्यांदा कळलं तर ते वाईट. त्यांना त्यांच्या घरात सांगायला पाहिजे, कुणी परकं नसताना, आणि तेही आज. काय म्हणायचं ते ठरवलंय. डॉक्टर, गाडी तुम्ही चांगली चालवता, पण उतारावर दांडा सोडता त्यानं बॉक्स जळला. नवा टाकला तरी जळेल. आणि घाटात ब्रेक तापून एक दिवस लागणार नाहीत, त्या दिवशी तुमच्या शेजारी ती बसलेली असेल. एवढंच. आवाज चढवायचा नाही. ते चिडतील. म्हणतील, तू मला गाडी शिकवतोस? म्हणू देत. मला त्यांची एवढी भीती वाटत नाही. ती ओट्यापाशी पाठ करून उभी असेल, ती वळणार नाही, त्याची वाटते. तिनं माझ्याकडं एकच गोष्ट मागितली होती. ती मी देणार नाही, आणि हे तिच्यासाठीच करतोय असं तिला सांगायची सोयही नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, कुणाला वाचून दाखवायचं नाही. तू आज असतीस, तुझ्यापर्यंत पोचत असतं तरी मी दिलं नसतं, कारण तू गियरबॉक्स सोडून पहिलं तिचंच विचारलं असतंस. पोरगी कशीय, पोटभर जेवू घालती का, तिच्या मनात काय हाय. तिच्या मनातलं मला माहीत नाही, आये. आज जाऊन आल्यावर कळेल, किंवा कधीच कळणार नाही.

आणि एक सांगायचं राहिलं. मघाशी इस्त्रीवाल्याकडून निळा शर्ट आणला आणि तोच घालून हे लिहितोय. बॉक्सचं सांगायला जायला इस्त्रीचा शर्ट कशाला, असं वाटेत मेस्त्री भेटून त्यांनी विचारलं तर त्यांना मात्र मी खोटं सांगणार आहे. मोटरसायकलची किल्ली घेतो. बाहेर पडतो, दार ओढून घेतो.