यादीत नसलेला दत्तू

मंगळवार, संध्याकाळ

बँकेच्या नावाने लबाडांचे फोन येतात म्हणून लेकीने घरच्या फोनला कुलूप घातलं. आता यादीतल्या नंबरांचीच घंटी वाजते. यादी मीच सांगितली. शाळासोबती दत्तू कसा विसरलो? पण त्याचा स्वतःचा नंबर होता कुठे! टेंभुर्णीच्या स्टँडवर कुणाचाही मोबाईल मागून तो फोन लावायचा, शाळेतल्या कवितेची एक ओळ म्हणायचा. पुढची मी म्हणायची.

आज त्याची सून दारात.

"काका, मामंजी दवाखान्यातनं रोज तुमाला फोन लावत होते. लागंना की."

"आता कसा आहे?"

"परवा गेले. शेवटी नुसताच फोन कानाला लावायचे. एक ओळ म्हणायचे आन् गप वाट बघायचे."

पुढची ओळ माझी होती.