चित्र छान दिसतं, असं विमलावहिनी म्हणाल्या

रत्नागिरी,
सोमवार, २९ मे १९८९

प्रिय हरिश्चंद्र,

भिकाजीचा सप्रेम नमस्कार. तू ज्या कुठल्या समुद्रात असशील तिथे खुशाल असावास, जेवण वेळेवर मिळत असावं आणि जिना चढताना गुडघा फार कुरकुरत नसावा. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. क्षेमकुशल याहून लांबवत नाही, कारण तीस वर्षं मुंबईच्या पेपराला बातम्या पाठवून हाताला वळण लागलंय की ताजी बातमी वरती. तर ताजी बातमी अशी: तुझी व्हिडिओ कॅसेट तुझ्या आईच्या टीव्हीवर का दिसत नव्हती, याचं कारण काल सकाळी पावणेअकरा वाजता सापडलं. विमलावहिनींनी या वृत्ताला दुजोरा दिला. (याच विमलावहिनींनी आधीचे अकरा दिवस बरोबर उलट वृत्ताला दुजोरा दिला होता. ते पुढे येईलच.)

तुझ्या बोटीवरच्या सोबत्याने कॅसेट आणून दिली त्या दिवशी यमुनाकाकींनी ती दोन्ही हातांत धरून उलटसुलट पाहिली आणि देवाजवळ ठेवली. दोन वर्षं न दिसलेला मुलगा चालता-बोलता दिसणार, म्हणजे काय ते तुला सांगायला नको. पण वाडीत प्लेअर एकच, काशीरामदादांचा, अगदी वरच्या अंगाला. तिथून त्यांनी चार सालांमागे काळी केबल ओढली आहे. ती आंब्यावरून, गोठ्याच्या वळचणीखालून विमलावहिनींकडे येते आणि तिथून तुझ्या आईकडे. दादांनी वर कॅसेट लावली की खाली दोन्ही घरांत दिसते. आता काशीरामदादा आणि काकी यांचा अबोला तुला ठाऊक आहे. पंच्याहत्तर साली दोन्ही घरांमधला पडका दगडी गडगा पुन्हा रचताना दादांनी तो हातभर तुमच्या बाजूला सरकवला, तेव्हापासून चौदा वर्षं तो ओलांडून ना ते खाली आले, ना काकी वर गेल्या. मी म्हटलं, प्लेअरच उचलून खाली नेऊ. दादा म्हणाले, "माझ्याशिवाय तो हलायचा नाही, आणि मी तिकडे जायचा नाही." बरं, काकींनी वर यावं? "त्याच्या ओटीवर बसून माझा पोरगा बघू? त्यापेक्षा नाय बघत." मग त्यांच्या केबलवर कसा बघणार, असं विचारलं, तर म्हणाल्या, केबल विमलाकडून येते, त्याच्याकडून नाही. यापुढे मी वाद घातला नाही.

घाई अशासाठी की मिरगाच्या वाऱ्यात केबल तुटते म्हणून दादा दर साली जूनच्या पहिल्या आठवड्यात ती उतरवून गुंडाळून ठेवतात. ती परत चढते गणपतीनंतर. म्हणजे जे काय व्हायचं ते मे महिन्यात, नाहीतर काकींनी चार महिने देवाजवळच्या कॅसेटला नमस्कार करत बसायचं.

आणि नेमक्या त्यांच्या पडद्यावर मुंग्या! दादांनी वर कॅसेट लावली, तू तिथे (मी स्वतः पाहिलं) टोपी घालून हसतोयस, आणि इथे नुसती खरखर. तरी काकी अर्धा तास त्या मुंग्यांकडे बघत बसल्या होत्या, कुठल्यातरी मुंगीत तू निघशील म्हणून.

त्या वेळी तुझी फार आठवण झाली. शाळेच्या स्नेहसंमेलनात भोंगा बंद पडला होता, तेव्हा तू वायर दाताने सोलून, खाली बसून एकेक सांधा तपासत गेला होतास आणि मी मागून कंदील धरला होता. मुख्याध्यापक भाषणाचा कागद घेऊन तसेच उभे. तू म्हणालास, जिथपर्यंत येतंय तिथपर्यंत वायर चांगली, जिथून येत नाही त्याच्या अलीकडे बिघाड. तीस वर्षांत यापेक्षा सरळ वाक्य मी लिहिलेलं नाही. भोंगा वाजला, मुख्याध्यापकांनी दीड तास भाषण केलं आणि मुलांनी आपल्या दोघांना महिनाभर शिव्या घातल्या.

तर तुझाच नियम लावला. वर दिसतंय, शेवटी दिसत नाही, मधल्या घरी काय? भर उन्हात विमलावहिनींच्या पडवीत गेलो. त्यांनी गूळ-पाणी दिलं, पंख्याने वारा घातला. विचारलं, "वहिनी, चित्र दिसतं का?" म्हणाल्या, "दिसतं हो. छान दिसतं." झालं. बिघाड विमलावहिनी ते यमुनाकाकी या टप्प्यात, असं मी जाहीर केलं आणि आम्ही त्या टप्प्यामागे लागलो.

हत्यारांविषयी लिहायला लाज वाटते, कारण तू बोटीवर वायरमन. दादांनी टेस्टर दिला. केबलला लावला, पेटला नाही. म्हणजे केबल मेली! मी तो टेस्टर दोन दिवस ठिकठिकाणी लावून प्रत्येक ठिकाणी केबल मृत घोषित केली. मग ती कापून बघायचं ठरलं. कापायला काकींचा अडकित्ता आणि सोलायला विळी. (अडकित्त्याची धार गेली. काकी अजून सुपारी दगडाने फोडतात, पण हे तुला सांगू नको, असं मला म्हणाल्या.) आत निघालं काय, तर मधोमध तांब्याची एक तार, तिच्यावर पांढरा थर आणि त्याभोवती बारीक तारांची जाळी. जाळी म्हटल्यावर मी मिरकरवाड्यातून भागोजीला आणलं. त्याच्या हाताने दुरुस्त झालेलं जाळं चाळीस वाव खोल पाण्यात उसवत नाही. त्याने केबल पाहिली आणि चेहरा उजळला. "एवढी बारीक जाळी मी आजोबांच्या वेळेनंतर बघितली नव्हती," म्हणाला. दोन तास बसून त्याने दोन्ही टोकांची जाळी एकमेकांत विणली आणि मधली तारही प्रेमाने त्यातच गुंफली. गाठ अशी की दोघांनी दोन बाजूंनी ओढली तरी सरकेना. मुंग्या तशाच.

शेवटी बाजारात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या हरचेकरांकडे गेलो. ते न हसता ऐकत होते; टेस्टरपाशी आल्यावर मात्र चष्मा काढून पुसायला लागले. टेस्टर घरातल्या विजेला असतो, म्हणाले, सिनेमाच्या केबलमध्ये तो पेटेल एवढं काही नसतं. आणि मधली तार जाळीला चिकटली की चित्र तिथेच बुडतं. त्यांनी मला साइड कटर, सोलायची छोटी सुरी, जोडायच्या पितळी पिना आणि आपला मीटर दिला. मीटर तर घरची मुलगी द्यावी तसा दिला. एका टोकाला तार आणि जाळी एकत्र धरायची, दुसऱ्या टोकाला मीटर लावायचा. काटा हलला तर वाट सलग. मग टोकं सुटी करायची. तरीही काटा हलला तर दोन्ही आत कुठेतरी चिकटलेली आहेत. मीटरने पहिल्याच फेरीत भागोजीची गाठ पकडली. ती कापताना तो तिकडे तोंड करून उभा होता. नवीन पिन बसवली. काटा बरोबर. मुंग्या तशाच.

काल सकाळी मी तिसऱ्यांदा मोजून पाहिलं. टप्पा धडधाकट. मग हरचेकरांचं एक वाक्य आठवलं, की मीटर खोटं बोलत नाही. म्हणजे बोललं दुसरं कोणीतरी. गेलो वहिनींकडे आणि या खेपेला गूळ-पाण्याच्या आधी म्हटलं, "वहिनी, टीव्ही लावा बघू." त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागल्या. टीव्ही शिमग्यापासून बंद! "तुम्ही एवढे उन्हातून घामाघूम आलात भाऊजी, तुम्हाला नाय कसं म्हणायचं? आणि रोज एवढ्या आशेने विचारायचात." हरी, तीस वर्षं मी मामलेदारापासून मंत्र्यापर्यंत कोणाचंही विधान दुसऱ्याला विचारल्याशिवाय छापलं नाही, आणि अकरा दिवस एका टीव्हीकडे मान वळवून पाहिलं नाही.

पुढचं वीस मिनिटांचं काम. वरच्या टप्प्यात, गोठ्याच्या वळचणीखाली दादांनी गेल्या साली हाताने पिळून केलेला सांधा होता, वरून फणसाचा चीक लावून फडकं गुंडाळलेला. उघडला तर आतली तार खाऱ्या हवेने हिरवी होऊन तुटलेली. कापली, सोलली, पिन बसवली. दादा प्लेअर लावायला वर गेले, मी काकींच्या टीव्हीशी.

आणि तू आलास. जरा हिरवट होतास, पण होतास. काकींनी पदराने काच पुसली. मग पुन्हा पुसली. मी निरोप द्यायला उठणार तेवढ्यात गडग्यापाशी दादांचा आवाज. कॅसेट चालू ठेवून ते स्वतः उतरून आले होते आणि थेट काकींनाच ओरडून विचारत होते, "दिसतंय काय गो?" चौदा वर्षं, हरी. काकींनी पडद्यावरची नजर काढली नाही. पण आवाज चढवून म्हणाल्या, "दिसतंय. वाळलाय मेला. परत पहिल्यापासून लाव." त्यांनी लावली. चार वेळा.

सर्वांचे यथायोग्य नमस्कार-आशीर्वाद. पत्र पोचल्याचं कळव.

तुझा,
भिकाजी

ता. क. – कॅसेटमध्ये तू सगळ्यांची नावं घेतलीस, भागोजीचं घेतलंस, चिमाच्या गाईचीसुद्धा चौकशी केलीस, फक्त काशीरामदादांचं नाव नाही. अकरा दिवस आमच्यासाठी ती कॅसेट लावून लावून त्यांची पाठ झाली आहे, त्यामुळे हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नाही. काल चौथ्यांदा संपल्यावर ते परत येऊन गडग्यावर बसून राहिले.

ता. क. २ – मला ते बघवेना. मी म्हटलं, कॅसेटबरोबर हरीचं तुमच्या नावाचं पत्रही आलंय, माझ्याकडे राहिलं. काय लिहिलंय विचारलं, तेव्हा तोंडाला आलं ते सांगितलं: काशीरामकाकांना नमस्कार, आईकडे लक्ष ठेवा, आणि गडगा आहे तिथेच राहू दे. काकींनी आतून ऐकलं. तिथूनच म्हणाल्या, "पोरगा म्हणतो तर राहू दे." तेव्हा तुझी हातभर जमीन मी देऊन टाकली आहे, तिचा राग माझ्यावर काढ. पण दादांना पत्र डोळ्यांनी बघायचंय. तुझ्या अक्षरात हाच मजकूर लिहून काढ, तारीख एप्रिलची घाल आणि घडी दोन-चार वेळा मोडून पाठव. तोवर ते लांज्याला माझ्या बहिणीकडे राहिलंय, असं मी सांगत राहीन.

ता. क. ३ – परवा बुधवारी सकाळी दादा गडग्याचे दगड काढून जायला-यायला वाट पाडणार आहेत. काकी उद्या घावन्यांचे तांदूळ भिजत घालणार आहेत.