मुठीतला गोळा

बुधवार, आश्विन वद्य तृतीया

उद्या ज्वारी पेरायची, असं मी सकाळी सांगितलं. नात सुमन मध्येच म्हणाली, "आबा, माती लई ओली हाय. गुरुजींनी शिकवलंय, मुठीत गोळा दाबून खाली टाकायचा. फुटला न्हाय, तर वाफसा न्हाय, पेरणीजोगी माती झाली न्हाय."

मुलगा हसला. "ऐका आबा, पोरगी शिकली की!" पेरणी पुढं ढकलली.

चाळीस वर्षं मी नक्षत्र बघून सांगतो, आणि काल आलेला हा गुरुजी! त्याला स्वतःचं शेत तरी आहे का? पूर्वी सुमन पावसाचं मलाच विचारायची.

संध्याकाळी एकटाच शेतात गेलो. गोळा दाबून टाकला. फुटला नाही. पुन्हा टाकला. नाहीच. मग पायानं चुरडला, आणि कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून मागं वळून बघितलं.