नारिंगी फाइलमधला कागद

मंगळवार, ४ मार्च २०२५

रविवारी सकाळचा चहा झाला की नरेंद्र पंचिंग मशीन घेऊन बसायचे. नाशिकच्या घरी, जेवणाच्या टेबलावर. विजेचं बिल, गॅसचं कार्ड, डॉक्टरांची चिठ्ठी – काहीही असो, दोन भोकं पाडायची आणि नारिंगी फाइलला लावायचं. कोपऱ्यात विषय मी लिहायचा, माझ्या कॉन्व्हेंटच्या अक्षरात. भोकांचे पडलेले गोल ठिपके ते माझ्या डोक्यावर उधळायचे. "लग्नातल्या अक्षता उरल्या होत्या," म्हणायचे. चाळीस वर्षं एकच विनोद! सुट्टीत नात आरोही आली की तिच्याही केसांवर.

ते गेले, मी अमेरिकेत लेकीकडे पिस्कॅटवेला आले. येताना फाइल आणि मशीन तेवढं न विसरता आणलं.

आज संग्रहालयातल्या कागदांना भोकं दिसली आणि हे सगळं आठवलं. ती मात्र किड्यांनी पाडलेली.

हेमचंद्रभाऊंनी नेलं मला तिथे. आमचे शेजारी, निवृत्त डॉक्टर, पन्नास वर्षं इथेच. "वहिनी, भिंती बघत बसू नका. तिथे जुनं अक्षर वाचणारं माणूस हवंय. इथल्या पोरांना जोडून लिहिलेलं इंग्रजी वाचता येत नाही, ठाऊक आहे?" मला खरं वाटेना. चार रेघी वहीवर सिस्टर फिलोमीनांनी मनगटावर पट्टी मारून गिरवून घेतलेलं अक्षर – ते सत्तरीच्या तोंडावर अमेरिकेत उपयोगी पडावं!

माझ्या वाट्याला १८१३ सालची पेटी आली. इंग्लंडशी लढाई चालू. शिडांची जहाजं, आणि त्यांना माणसं कमी. नौदलाच्या अधिकाऱ्याने बंदरावरच्या एका गुत्त्याचा माळा भाड्याने घेतला, खिडकीतून निशाण सोडलं, खाली ढोल वाजवायला माणूस बसवला. जो वर येईल त्याचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण. सहीच्या जागी बहुतेकांची फुली. मी ते सगळं कॉम्प्युटरवर उतरवायचं.

एकाची खूण – 'डाव्या हातावर मासा गोंदलेला'. दिवसभर तो मासा डोळ्यांपुढे होता.

मंगळवार, ११ मार्च

कागदाचा फोटो आरोहीला दाखवला. "आजी, this is like another language!" म्हणाली. नात अठराची झाली आणि तिला आजीचं अक्षर वाचता येत नाही. दर रविवारी शिकवायचं ठरवलं.

जेवताना म्हणाली, "By the way, मी पण नेव्ही जॉइन करतेय."

लेक नीलांबरी हसली. मग हसायची थांबली. जावई सौमित्र म्हणाला, "कॉलेजची डिपॉझिटची तारीख पुढच्या महिन्यात आहे."

"बाबा, I know. मी कॅन्सल करणार आहे."

"अगं पण का?"

"कारण मला इथे बसून दुसऱ्यांचं software टेस्ट करायचं नाहीये."

सौमित्र तेच काम करतो. आमटी गार झाली.

मला भीती वाटली ती मात्र वेगळ्याच कारणाने. ते इथेही लिहायची छाती होत नाही.

शनिवार, १५ मार्च

भरतीवाली बाई घरी आली. ट्रॅव्हिस नाव. तिशीची असेल. बूट दारातच काढले, चिवडा दोनदा मागून घेतला, मला "मॅम" म्हणाली. गुत्ता नाही, ढोल नाही – एक पेन आणि पाण्याची बाटली भेट. इतकी चांगली की रागही येईना.

मग सहज विचारल्यासारखं – "तब्येतीचं काही? दमा, फिट्स, ऑपरेशन?"

नीलांबरी म्हणाली, काही नाही. ती खरंच बोलत होती. तिला माहीतच नाही.

बाई माझ्याकडे वळली. आरोहीही माझ्याकडे बघत होती. पाच वर्षांची असताना इंजेक्शनच्या रांगेत बघायची तशी.

मी म्हटलं, "नो. शी इज फाइन."

आता लिहूनच टाकते. २०२२चा जुलै. आरोही पंधरा वर्षांची, नाशिकला आमच्याकडे एकटी आलेली. दुपारी जिना चढून आली आणि श्वासच घेता येईना. ओठ निळे. नरेंद्रांनी रिक्षा अडवली. दवाखान्यात वाफेचा मास्क, दोन दिवस. पुढे चार महिने पंप. डॉक्टरांनी स्वच्छ लिहून दिलं – दमा. फोनवर मी लेकीला सांगितलं, "थोडी धाप लागली होती, आता बरी आहे." पंप आरोहीच्या बॅगेत तळाशी दडवून पाठवला. आम्ही असंच करतो. परदेशातल्या मुलांना आजार बरा झाल्यावर सांगायचा, तोही अर्धा. नाहीतर ती तिथे झोपत नाहीत, तिकिटं काढतात. नरेंद्रांचा पहिला ॲटॅकही मी 'पित्त' म्हणून सांगितला होता.

कागद नारिंगी फाइलमध्ये आहे. पान सात. कोपऱ्यात माझ्याच अक्षरात – 'आरोही, दमा'.

बाई गेल्यावर पोरीने मागून मिठी मारली. "You're the best, आजी."



मंगळवार, १८ मार्च

गाडीत भाऊंना विचारलं – ओळखीतली एक मुलगी आहे, पंधराव्या वर्षी दमा झालेली, तिला नेव्हीत...

"वहिनी, ही ओळखीतली मुलगी तुमच्याच घरात पोहे खाते का हो?"

भाऊच पुढे म्हणाले, तेराव्या वर्षानंतर दमा झाला असेल तर घेत नाहीत. कधी कधी सूट देतात – नीट तपासणी करून, फुप्फुसं चांगली निघाली तर.

"आणि लपवलं तर?"

"इथलं रेकॉर्ड त्यांना कॉम्प्युटरवर दिसतं. नाशिकचं कुठून दिसणार?" सिग्नल लागला. "पण ट्रेनिंगमध्ये धुराच्या खोलीत उभं करतात, वहिनी. मास्क काढायला लावतात. आणि जहाजात आग लागली तर दार बाहेरून बंद करतात. तिथे रेकॉर्ड कोणी बघत नाही."

दार बाहेरून बंद करतात.

गुरुवार, ३ एप्रिल

आरोहीची तपासणी झाली. पास! हात वर करून शपथही झाली. जुलैत ट्रेनिंगला जायचं. देवापुढे दिवा लावला – काय मागायचं तेच सुचेना.

मंगळवार, १५ एप्रिल

आज पेटीत पत्र सापडलं. एका आईचं, भरतीच्या अधिकाऱ्याला. अक्षर कष्टाने काढलेलं, ओळी खाली उतरत गेलेल्या. जमेल तसं मराठीत उतरवते –

'साहेब, माझा डॅनियल सोमवारी तुमच्या माळ्यावर नाव घालून आला. त्याची छाती लहानपणापासून भरते. थंडीत तो खिडकीशी बसून श्वास घेतो. त्याने तुम्हाला हे सांगितलं नसेल. एरवी तो खोटं बोलत नाही. तुम्ही त्याला परत पाठवा.'

मागे अधिकाऱ्याच्या शाईत दोनच ओळी. 'पोराला विचारलं. नाही म्हणाला. नऊ तारखेला जहाजावर पाठवला.'

वाचून उठले आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या बाईने निदान पत्र तरी लिहिलं. मी?

रविवार, ११ मे

आरोहीने पहिल्यांदा पूर्ण ओळ जोडून लिहिली. 'f'चं पोट फार मोठं. सिस्टर असत्या तर पट्टी बसली असती! मी पापा घेतला.

शुक्रवार, ६ जून

कॅनडातल्या वणव्यांचा धूर इथवर आलाय. आभाळ मळकं, सूर्य तांबडा. तरी आरोही इशिताबरोबर धावायला गेली. रोज जातात दोघी मैत्रिणी. आज लवकर परतली. पायरीवर बसली, हात गुडघ्यांवर, खांदे वर. मी दारात होते. तो आवाज मला ऐकू आला – दाराच्या फटीतून वारा येतो तसा. नाशिकच्या जिन्यावरचा.

"आरोही!"

"Allergies, आजी. चिल."

"हे ॲलर्जी नाही. तुला माहीत आहे. मला माहीत आहे."

"तू प्रॉमिस केलं होतंस!"

"मी प्रॉमिस नव्हतं केलं. मी खोटं बोलले होते."

तिने माझ्याकडे पाहिलं. असं कधी पाहिलं नव्हतं. वर निघून गेली. पायऱ्या हळूहळू चढली – मी मोजल्या, तेरा.

सोमवार, ९ जून

ट्रॅव्हिसबाईचा नंबर लावला. दोन रिंगा वाजल्या. ठेवून दिला. पोरीची नुकती उजळलेली जिंदगी मी मागच्या दाराने विझवू? आणि नाही विझवली, आणि धुराच्या खोलीत...



मंगळवार, १७ जून

त्याच पेटीच्या तळाशी त्याच आईचं दुसरं पत्र. ओळी आणखी खाली उतरलेल्या. यात डॅनियलला परत मागितलेलं नाही. 'त्याचं जाड जाकीट, चाकू आणि शिवणाचं सामान कोणाकडे आहे? जाकीट धाकट्याला होईल. चाकू त्याच्या मामाचा होता.' एवढंच.

उत्तराची नक्कल आहे. मेलेल्या खलाशाचे कपडे रिवाजाप्रमाणे डोलकाठीपाशी लिलावात विकले. त्याचं काय कोणाला द्यायचं याबद्दल त्याने काही लिहून ठेवलेलं नव्हतं.

भाऊ म्हणाले, "वहिनी, आज पुरे. घरी चला." परतताना त्यांनी रेडिओ लावला नाही.

मंगळवार, २४ जून

दोन्ही पत्रांच्या प्रती घरी आणल्या. आरोहीच्या खोलीत गेले. अठरा दिवसांत आमचं धड बोलणं नव्हतं.

"वाच," म्हटलं. "मी वाचून दाखवणार नाही."

बोट ठेवून वाचत गेली. अडली तिथे मी अक्षर सांगितलं, शब्द नाही. मागच्या दोन ओळींपाशी थांबली.

"पण त्याच्या आईने तर खरं सांगितलं होतं."

"हो."

"आणि तरी त्यांनी त्यालाच विचारलं. अँड ही सेड नो."

"हो."

दुसरं पत्र वाचताना एकही अक्षर विचारलं नाही.

मी नारिंगी फाइल तिच्या पलंगावर ठेवली. आदल्या रात्री पाठ करून ठेवलेलं बोलले, नाहीतर जमलं नसतं. "मी फोन करणार नाही. चोरून काही करणार नाही. पण ज्या दिवशी निघशील त्या दिवशी तुझ्या आईला पान सात दाखवणार, तुझ्यासमोर. तीन वर्षं उशिरा. तोपर्यंत तू काय ते ठरव."

"म्हणजे blackmail?"

"नाही गं. भीती. आजीला दुसरं काही येत नाही आता."

हसली नाही. पण फाइल परतही दिली नाही.

शुक्रवार, ४ जुलै

इथला स्वातंत्र्यदिन. फटाके. दर आवाजाला दचकते. तीन दिवस उरले. फाइल तिच्याच खोलीत.

रविवार, ६ जुलै

आज शिकवणी नको म्हणाली. "मला एकटीला काहीतरी लिहायचंय." दार लावून घेतलं. मी खालून हाक मारली तर तिने पंचिंग मशीन कुठे आहे विचारलं.

उद्या सकाळी नीलांबरीला सांगायचं. कुठून सुरुवात करू? रिक्षापासून? की त्या फोनपासून?

सोमवार, ७ जुलै

सकाळी खाली आले तर आरोही निघून गेलेली. ट्रॅव्हिसबाई सहालाच घेऊन गेली. आज शेवटची तपासणी. टेबलावर फाइल, वर एक कागद. जोडून लिहिलेल्या अक्षरात! 'f'ची पोटं अजून मोठीच आहेत. जसंच्या तसं मराठीत उतरवते –

'धावायचे नवे बूट – इशिताला. आम्हा दोघींच्या पायाचं माप एकच आहे.

सायकल – बाबांना. त्यांनी खरंच चालवावी.

कपाटातला चिवड्याचा डबा – हेमचंद्र काकांना. त्यांना माहीत आहे तो मी लपवते.

निळं जाकीट – आईला. आईला मी सगळं सांगितलंय, आत्ता पाच वाजता. ती स्वयंपाकघरात रडत असेल. तिला चहा दे आणि तुझ्यावरचा राग आधी ऐकून घे.

पान सात – माझ्याबरोबर. विचारतील तेव्हा मी हो म्हणणार आहे.

फाइल – आजीला. ही यादी पान सातच्या जागी लाव. भोकं मी पाडली आहेत. ठिपके वाटीत आहेत, फेकू नकोस. त्यांनी संध्याकाळी परत पाठवलं तर संध्याकाळी, नाहीतर जेव्हा येईन तेव्हा – माझ्या केसांवर.'